नाळ कापणारे हात

परदेशात निघणाऱ्या आपल्या स्मरणिका चाळल्या, तर एक विचार त्यांत हमखास आढळतो. मायभूमीशी असलेली नाळ तुटू देऊ नका, असे कोणी अध्यक्षीय मनोगतात लिहितो, तर कोणी भीमजयंतीच्या व्यासपीठावरून सांगतो. आम्हीही हे अनेकदा लिहिले आहे आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. मात्र इतक्या वर्षांत एक साधा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. जी नाळ तुटू नये म्हणून आपण एवढे जपतो, ती खरीखुरी नाळ आपल्या जन्माच्या वेळी कापली कोणी? घराच्या अंगणात ती पुरली कोणी? त्या बाईचे नाव काय होते?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो गेल्या हिवाळ्यात, आमच्या नातवाचा येथे इंग्लंडमध्ये जन्म झाला तेव्हा. रुग्णालयात आमच्या सुनेचे बाळंतपण एका मिडवाइफने केले. गरज भासली तर डॉक्टर जवळच होते, पण ती भासली नाही. सून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दुसरी एक मिडवाइफ तपासणीसाठी दारात हजर झाली. वेस्ट इंडीजमधून आलेल्या आईवडिलांची ती मुलगी. तिने बाळाचे वजन केले, बेंबी पाहिली, सुनेला अंगावर पाजण्याविषयी समजावून सांगितले आणि तिच्या डोळ्यांतले पाणी पाहून अर्धा तास अधिक थांबली. आमच्या पत्नीने ठेवणीतल्या कपात चहा दिला, सोबत घरचा चिवडा दिला. जाताना त्या बाईने कागदावर तारीख, वेळ व स्वतःचे नाव लिहून सही केली.

या देशात मिडवाइफला मान आहे, आणि तो आपोआप मिळालेला नाही. एके काळी येथेही गल्लीबोळातील अडाणी म्हातारी म्हणून तिची हेटाळणी होत असे. १९०२ साली इंग्लंड व वेल्ससाठी कायदा झाला, त्यानुसार मिडवाइफांचे शिक्षण व नोंदणी सुरू झाली, आणि पुढे राष्ट्रीय आरोग्य सेवेत तिला वेतन व अधिकार मिळाले. म्हणजे समाजाने मनावर घेतले, तर बाळंतपण करणाऱ्या हातांना प्रतिष्ठा देता येते. ती सही पाहत असताना मराठवाड्यातील आमच्या गावची सुईण आमच्या डोळ्यांसमोर आली. तिची सही कोठेही नाही.

सुईण म्हणजे काय, हे येथे जन्मलेल्या आपल्या मुलांना सांगावे लागेल. ज्या काळी तालुक्याच्या गावी जायला बैलगाडीखेरीज वाहन नव्हते आणि तेथेही दवाखाना असेलच याची खात्री नव्हती, त्या काळी खेड्यातील प्रत्येक जीव सुईणीच्या हातावर जगात येई. कुठे ती मांगवाड्यातील असे, कुठे महारवाड्यातील, कुठे नाव्ह्याच्या घरातील. प्रदेशाप्रमाणे जात बदले, पण उच्चवर्णीय घरातील बाई सुईण झाल्याचे आम्ही पाहिले नाही. आमच्या गावची सुईण मातंग समाजाची होती. आम्ही मुले तिला सुईणआजी म्हणत असू.

तिला अक्षर येत नव्हते, पण तिच्या हातांत विद्या होती. पोटावर तेलाचा हात फिरवून ती बाळ आडवे आहे की उभे, डोके खाली आले आहे की नाही, हे सांगे. कळा खऱ्या की खोट्या हे बाईच्या चेहऱ्यावरून ओळखे. सुईणीपुढे पोट लपवता येत नाही, अशी म्हणच आपल्याकडे पडली ती उगीच नव्हे. कळा वाढल्या, की ती बाईला उताणी पाडून ठेवत नसे, उकिडवी बसवी. मागून एखाद्या जाणत्या बाईला आधार द्यायला सांगे आणि आढ्याला बांधलेला दोर पोटुशीच्या हातात देई. बाळ आले तरी वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही, हा तिचा नियम होता. मग दोऱ्याने नाळ बांधून ती विळ्याने कापायची, वार मडक्यात घालून पुरायची, रक्ताने भिजलेली धडुती ओढ्यावर नेऊन धुवायची. त्यापुढे दहा-बारा दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणे, शेक देणे, ओव्याची धुरी देणे, बाळाची टाळू भरणे, हे सारे तिच्याकडेच. हाक रात्री आली, पावसात आली, ती स्वतः तापाने फणफणलेली असताना आली, तरी तिला नाही म्हणण्याची सोय नव्हती.

आता या विद्येचा मोबदला पाहा. मुलगा झाला तर पायलीभर ज्वारी, एखादा खण व नारळ. मुलगी झाली तर त्याच्या निम्मे, आणि तेही नाक मुरडून. जणू मुलगी जन्माला घालताना तिचे श्रम निम्मे झाले होते! पाचवीच्या पूजेतील शिधा व एखादे जुने लुगडे ही वरकड प्राप्ती. बारा बलुतेदारांच्या रूढ यादीत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, मांग, महार हे सारे आहेत, सुईण नाही. खळ्यावर बलुतेदाराला निदान मागता येई. सुईणीला तेही नव्हते, मिळेल ते पदरात घ्यायचे. गावगाड्याने ज्यांना राबवून घेतले त्यांचाही हिशेब ठेवला होता. हिला मात्र हिशेबातही घेतले नव्हते.

आणि शिवाशिवीचे काय? गावातील बड्या वाड्यात सुनेला कळा सुरू झाल्या, की तिला परसदाराने आत घेत. एरवी जिच्या सावलीचाही विटाळ होई, ती दोन-दोन रात्री त्या घराच्या सुनेच्या उशाशी बसे. घरातील वंशाच्या दिव्याला पहिला स्पर्श तिचाच होई, त्याच्या तोंडात बोट घालून चिकटा तीच काढी. पुढे दहा दिवस सोयर. सोयर फिटले, की घर शेणाने सारवले जाई, गोमूत्र शिंपडले जाई, आणि तेच हात पुन्हा अस्पृश्य होत. अडलेल्या बाईला जात आठवत नाही. ती मोकळी झाली, की घराला आठवते.

येथवर वाचून आपल्यापैकी अनेकांना वाटेल, की ही सवर्णांच्या ढोंगाची आपल्या ओळखीची कहाणी आहे. ती तशी आहेच. पण ती तेवढीच असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

आमचा जन्म १९५१ सालचा, महारवाड्यातला. आमच्या आईने पुढे आम्हाला जे सांगितले, ते आम्ही आजवर कोठे लिहिले नाही. आमच्या जन्माच्या रात्री सुईणआजी पहाटेपर्यंत राबली. बाळ पायाळू होते, ती नसती तर आम्ही व आमची आई दोघेही वाचलो नसतो. काम आटोपल्यावर तिने पाणी मागितले. आमच्या आजीने तिला उंबऱ्याबाहेर बसवले आणि लोटीने वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतले. पाटलाच्या विहिरीवर जे आमच्या वाट्याला येत होते, तेच आम्ही तिच्या वाट्याला दिले. आम्ही महार होतो आणि ती मांग होती.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, त्याचा अर्थ पुस्तकात वाचण्यापूर्वी आमच्या उंबऱ्यावर घडून गेला होता. या व्यवस्थेत प्रत्येकाला वर पाहून चीड येते व खाली पाहून समाधान वाटते, आणि म्हणूनच ती टिकते. वरच्या पायरीवरील माणसाला जाब विचारणे हे धैर्याचे काम आहे, ते आपल्या समाजाने केले. आपल्या खालच्या पायरीवर आपण कोणाला उभे केले होते, हे विचारणे त्याहून अवघड आहे.

ऑक्टोबर १९५६ मध्ये आमचे वडील पायी व रेल्वेने नागपूरला गेले आणि दीक्षाभूमीवर त्यांनी बाबासाहेबांच्या समवेत धम्म स्वीकारला. १९५८ साली आमची धाकटी बहीण जन्मली. आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो, आणि त्या सकाळचे आम्हाला स्पष्ट आठवते. सुईणआजी नेहमीप्रमाणे काम संपवून उंबऱ्याबाहेर बसायला निघाली. वडिलांनी तिला थांबवले, घरात घोंगडी अंथरली, स्वतः पाण्याचा तांब्या भरून तिच्या हातात दिला आणि तिला आमच्या पंक्तीला बसवले. आजी रुसून शेजारी निघून गेली. सुईणआजी तांब्या हातात धरून बराच वेळ तशीच बसून राहिली. तोंडाला लावावा की ओंजळ करावी, हे तिला ठरवता येईना. धम्मदीक्षेने आमच्या घरात काय बदलले असे आम्हाला कोणी विचारले, तर आम्ही मूर्तीविषयी किंवा सणांविषयी सांगत नाही. आम्ही तो तांब्या सांगतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. आपल्या चळवळीने गावकीची हलकी मानलेली कामे नाकारली. १९२७ साली महाडच्या परिषदेपासून मृत जनावरे ओढणे व मृतमांस खाणे सोडण्याचा जो निर्धार झाला, त्याने आपल्या समाजाचा कणा ताठ केला. उत्तर प्रदेशात पन्नास ते ऐंशीच्या दशकांत दलितांनी 'नारा-मवेशी' नावाचे आंदोलन चालवले. नारा म्हणजे नाळ, मवेशी म्हणजे गुरे. आम्ही यापुढे तुमच्या घरची नाळ कापणार नाही आणि तुमची मेलेली गुरे ओढणार नाही, असे त्यांनी बजावले आणि त्यासाठी मारहाण व बहिष्कार सोसला. नाळ कापणे व ढोर ओढणे ही दोन्ही कामे गावाने एकाच मापाने मोजली होती, हे त्या आंदोलनाच्या नावावरूनच दिसते.

हा नकार योग्यच होता, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. मेलेल्या गुरांच्या कातड्या-शिंगांतून महारांना किती उत्पन्न मिळते याचा हिशेब मांडणाऱ्यांचा बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात समाचार घेतला होता. एवढे उत्पन्न असेल तर ते काम तुम्हीच करा, वर तितकेच पैसे मी देतो, असे त्यांनी त्या टीकाकारांना सुनावले. माणसाला इज्जत प्यारी असते, हा त्या भाषणाचा गाभा होता. सुईणीच्या कामाची थोरवी सांगून तिला पुन्हा त्याच कामाला जुंपू पाहणारे आजही भेटतील. आमचा हा लेख त्यांच्या कामी येऊ नये.

परंतु येथे एक भेद करणे आवश्यक आहे. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. म्हणजे दोष बाळंतपण करण्याच्या कामात नाही. ते काम एका जातीच्या कपाळी मारण्यात व वर तिलाच अपवित्र ठरवण्यात आहे. आपण सक्ती नाकारली, विटाळ नाकारला. ते करताना ती विद्या व ती विद्या बाळगणारी बाई यांनाही आपण इतिहासातून पुसून टाकले. सैनिक, शाहीर, वतनदारीविरुद्ध लढलेले पुढारी यांची नावे आपल्या स्मरणिकांत येतात, आणि ती यावीतच. सुईणीचे नाव कोठे आहे?

सुईणीविषयी लिहिताना सत्य झाकणे हाही अपराधच होय. तिच्या हातून बाळे जगली तशी दगावलीही. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या १९८६ सालच्या आत्मकथनात महारवाड्यातील बाळंतपणाचे जे वर्णन आहे, ते वाचून अंगावर काटा येतो. उपाशीपोटी कळा देणाऱ्या कोवळ्या मुली, अघोरी उपाय, बाळंतपणानंतरची भूक. त्याहून सुमारे एकशे तीस वर्षे आधी, १८५५ साली, जोतीराव व सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीने आपल्या निबंधात हेच दुःख मांडले होते. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, अशी तिची तक्रार होती. ती अवघी चौदा-एक वर्षांची होती. बाळंतिणीच्या दुःखाला आपल्या भाषेत न्याय मागणारा तो अत्यंत जुना आवाज एका मांगाच्या मुलीचा आहे, हे आपण विसरता कामा नये.

ज्या विळ्याने कडबा तोडायचा त्याच विळ्याने नाळ कापायची, त्यावर चुलीची राख किंवा शेण लावायचे, यातून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या शरीरात शिरत. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच बाळाचा जबडा आवळला जाई, ते अंगावर पिणे सोडी, धनुकलीसारखे वाकडे होई आणि जाई. घरातील लोक म्हणत, सटवाईने पाचव्या रात्री कपाळी हेच लिहिले होते. सटवाईने काही लिहिले नव्हते. विळा अस्वच्छ होता, एवढेच. ज्या दिवशी गरोदर बाईला धनुर्वाताची लस मिळाली आणि सुईणीच्या हाती साबण व नवे पाते आले, त्या दिवशी सटवाईचा लेख पुसला गेला. हात, जागा, पाते, दोरा व बेंबी या पाच गोष्टी स्वच्छ ठेवा, इतकाच तो मंत्र होता. २०१५ साली माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. दैववाद नाकारा, कारण शोधा, कारण दूर केले की दुःख दूर होते, हीच तर तथागतांची शिकवण आहे. त्याचे याहून ठसठशीत उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अस्वच्छ विळा हा सुईणीचा गुन्हा नव्हता. तिला पाणवठ्यावर पाणी भरू दिले नव्हते, शाळेत बसू दिले नव्हते, साबणाला पैसा दिला नव्हता. ज्या समाजाने तिच्यापासून पाणी तोडले, त्यानेच पुढे तिला घाणेरडी म्हटले. तिला जेव्हा संधी मिळाली, तेव्हा काय झाले? तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी खेड्यातील बायांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवले. त्यांत निरक्षर बाया होत्या, दलित बाया होत्या. या बाया बाळंतपणे करू लागल्या, आणि त्यांचे काम पाहायला जगभरातून लोक आले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना व सुईणींना नवजात बालकाच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले, तेव्हा काही वर्षांतच बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि सरकारी धोरणांत उतरले. हात तेच होते; त्यांना ज्ञान मिळाले होते.

उलट, वैद्यकशास्त्रानेही सुईणीकडून काही परत घेतले आहे. बाळ जन्मताच घाईने नाळ बांधू नये, निदान एक मिनिट थांबावे, असे आता जागतिक आरोग्य संघटना सांगते. कळांच्या वेळी बाईला हवे त्या स्थितीत राहू द्यावे, तिच्याजवळ तिच्या विश्वासाचे माणूस असावे, हेही ती सांगते. आढ्याचा तो दोर आणि मागून धरणारी ती बाई आम्हाला या ठिकाणी आठवली. लुंबिनीच्या शिल्पांत महामाया शालवृक्षाची फांदी धरून उभी दाखवतात, हेही आठवले.

आज भारतातील खेड्यांत सुईण जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ साली देशातील सुमारे २६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ८९ टक्के झाले. २०१८-२० या काळात भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचे मृत्यू झाले, महाराष्ट्रात ३३. हे शुभ वर्तमान आहे आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. गरीब बाईला दवाखाना मिळाला पाहिजे, रक्त मिळाले पाहिजे, शस्त्रक्रिया मिळाली पाहिजे. तिच्यासाठी परंपरा आणि आपल्या सुनेसाठी रुग्णालय, अशी वाटणी कोणी सुचवू नये.

पण सुईणीच्या जागी जी आली, तिच्याकडे जरा पाहा. २००५ नंतर गावोगाव 'आशा' नेमल्या गेल्या. आज त्यांची संख्या सुमारे दहा लाख आहे. रात्री-अपरात्री गरोदर बाईला गाडीत घालून दवाखान्यात नेणारी हीच. कोरोनाच्या साथीत दारोदार फिरणारीही हीच. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा गौरव केला. तरीही सरकारी भाषेत ती कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका. तिला वेतन नाही, मानधन आहे. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना वाढीव मानधनासाठी संप करावा लागला, आझाद मैदानावर बसावे लागले. पायलीभर ज्वारी, खण व नारळ यांचे हे नवे रूप तर नव्हे? २०१८ साली भारत सरकारने प्रशिक्षित मिडवाइफांची सेवा उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्या प्रतिष्ठित, पगारी जागांवर उद्या कोण बसणार? पिढ्यान्‌पिढ्या जिने विनामूल्य हे काम केले, तिची नात तेथे असेल का? आरक्षणाचा व शिष्यवृत्तीचा विचार करताना आपण हा प्रश्न विचारला पाहिजे.

बाबासाहेबांना बाळंतिणीचा प्रश्न परका नव्हता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले, की बाळंतपणाआधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. केंद्रात मजूर मंत्री असताना खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा कायदा त्यांनी सुधारून घेतला. आपल्या धम्मग्रंथांतही एक प्रसंग आहे. अंगुलिमालाला भिक्षाटनात एक अडलेली बाई दिसली आणि तो व्याकूळ होऊन भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला विटाळ सांगितला नाही. तिच्याकडे परत जा आणि सत्यवचनाने तिचे कल्याण चिंत, असे सांगितले. धम्मात बाळंतीण अपवित्र नाही. मग तिची सुटका करणारे हात अपवित्र कसे असतील?

आता जो प्रश्न आम्ही आरंभी विचारला, त्याकडे परत येतो. आमच्या पारपत्रावर जन्मतारीख १ जून आहे. आपल्यापैकी किती जणांची ती १ जूनच आहे, हे संमेलनात हात वर करायला सांगितले तर कळेल! शाळामास्तरांनी ठरवलेला तो दिवस. परदेशी येताना आमच्याकडे जन्मदाखला मागितला गेला, तेव्हा तो नव्हता. वडीलधाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रावर भागवले. आमच्या जन्माची खरी साक्षीदार तेव्हा मांगवाड्यात हयात होती. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी, पहिले कोंबडे आरवले तेव्हा, असे ती आमच्या आईला बिनचूक सांगत असे. तिचा अंगठा घ्यावा, असे आमच्या मनातही आले नाही.

नातवाच्या जन्मानंतर आम्ही गावी धाकट्या बहिणीला फोन केला आणि सुईणआजीचे नाव विचारले. बहिणीला माहीत नव्हते. तिने गावातील चार म्हाताऱ्यांना विचारले. कोणी म्हणाले, अमक्याची आई. कोणी म्हणाले, मांगीण म्हातारी. ज्या बाईने गावातील दोन पिढ्या जगात आणल्या, तिची जात सर्वांना ठाऊक होती, तिचे नाव एकालाही ठाऊक नव्हते. आमच्या वडिलांनी तिला तांब्या दिला, पण नाव आम्हीही विचारले नव्हते. ही खंत आता भरून येणारी नाही.

तुमच्या बाबतीत मात्र वेळ गेलेली नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आई, आजी, आत्या, मावशी हयात आहेत, त्यांनी येत्या रविवारी फोन करून एवढेच विचारावे : मी कोणाच्या हातावर जन्मलो? तिचे नाव काय? ती कोणत्या वाड्यातली? आपण तिला काय दिले, आणि पाणी कसे दिले? उत्तर ऐकताना संकोच वाटला तरी ते लिहून ठेवावे. आपल्या कुटुंबाच्या वंशावळीत वडिलांच्या नावाखाली व आईच्या नावाशेजारी तिच्यासाठी एक ओळ राखावी. बालवर्गात मुलांना थोरांच्या जीवनकथा सांगतो, त्यात तिची कथाही सांगावी. आणि पुढील वर्षीच्या या स्मरणिकेत जाहिरातींतून एक पान वाचवून ती नावे छापावीत. ती मातंग असो, महार असो वा नाव्ह्याची असो, त्या पानावर नावापुढे जात लिहू नये.

मायभूमीशी नाळ जपायची असेल, तर आरंभ तेथून करावा.

जय भीम!